चावडीवरची छत्री

"बाई, छत्री पुन्हा मोडली!"

प्रेमिला गजभियेबाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या चावडीकडे धावल्या. रामटेकजवळच्या या गावात चौऱ्याऐंशी साली सरकारी टीव्ही आला. उपग्रहाचं चित्र पकडणारी जाळीची भलीमोठी छत्री चावडीच्या गच्चीवर बसवली. आणि तिचं हे असं सारखं सुरू होतं.

नागपूरहून इंजिनियर साहेब आले होते. त्यांनी खालूनच मान वर केली आणि निकाल दिला.

"वानरांचं काम. टीव्ही मनोहररावांच्या घरी हलवतो. तिथे सुरक्षित राहील."

गावपुढारी मनोहरराव खादीच्या कुडत्यात, हात जोडून उभेच होते. समतेवर भाषण द्यायचं तर गावात त्यांनीच.

प्रेमिलाबाईंचं डोकं फिरलं. चावडीत शाळेच्या सगळ्या पोरी एका सतरंजीवर बसून शाळेचा कार्यक्रम बघत. बौद्ध वस्तीतल्या पोरीही त्यात असत. मनोहररावांच्या घरात त्यांना कोण घेणार होतं? खुद्द बाईंसाठी तिथे चहाचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. टीव्ही तिकडे गेला, की या पोरींसाठी तो संपलाच.

"साहेब, जरा थांबा. मी गच्ची बघून येते."

"बघा की! वानरांच्या बोटांचे ठसे घेता काय?" साहेब स्वतःच हसले. पदवी एवढी मोठी आणि शिडी चढायचा कंटाळा!

वर जाळी वाकली होती, टेकूचा लोखंडी पाय तुटला होता. बाईंनी जाळीला बोट लावलं. चिकट होतं. गूळ! त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. खाली फुटाण्यांची टरफलं पडली होती. शेजारच्या चिंचेवर वानरांचा कळप बसला होता.

बाई खाली आल्या. तंबूत तिकीट लावून व्हिडिओ दाखवणारे भैयाजी दात काढत उभे होते.

"भैयाजी, टीव्ही बंद पडला तर फायदा तुमचाच ना?"

"बंद कुठं पडून राहिला बाई? मनोहररावांच्या घरी चालणारच हाय. मले काय भेटते?"

"धोंडबा, गच्चीवर कोण जातं?"

"शिडी बाहेरच राह्यते, कोणीबी जाते," चौकीदार धोंडबा म्हणाला. "दुपारी मी झोपतो. खोटं काहून बोलू?"

"आणि मनोहरराव, तुम्ही?"

"मी? या गच्चीवर पायबी नाई ठेवला. अन् वानरं तं मले पाहूनच पळतात. बागेत गोफण घेऊन उभा राह्यतो मी."

"बरं. साहेब, या तिघांना एकेक करून वर पाठवा."

भैयाजी चढले. वानरं चिंचेच्या शेंड्याला गेली. धोंडबा चढला, तेव्हाही ती तिथेच राहिली. मनोहररावांचे गुडघे एकाएकी दुखायला लागले, पण साहेबांनी त्यांना शिडीवर चढवलंच.

त्यांचं डोकं गच्चीवर दिसलं मात्र, धपाधप अख्खा कळप खाली! एकानं कुडता धरला. दुसऱ्यानं सरळ खिशात हात घातला आणि खिसा रिकामा बघून एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. सगळे वर धावले, तेव्हा कुठे वानरं हटली.

"वानर जाळी खात नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "जाळीला गूळ फासलाय, खाली फुटाणे टाकलेत. रोज चारून त्यांना इथली सवय लावली. परक्याला बघून ती पळाली, चारणाऱ्याला ओळखून खिशाशी आली. टीव्ही घरी गेला असता, म्हणजे आत कोण बसणार ते यांनी ठरवलं असतं."

"काहून केलं जी?" धोंडबानं विचारलं.

मनोहरराव फुटलेच. "मंग काय करू? टीव्ही पाह्याले माह्या सुना चावडीत त्या पोरींच्या मांडीले मांडी लावून बसतीन काय?"

"शी! किळस येते तुमची," बाई म्हणाल्या. "भाषणाला आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याचीही लाज वाटते."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "टीव्ही इथेच राहील. पण टेकूचा पाय नागपूरहून येईपर्यंत छत्री कोणी तरी धरावी लागेल. कार्यक्रम तर आत्ताच सुरू होतोय."

"धरतील ना मनोहरराव," बाई म्हणाल्या. "नाही तर हे सगळं मी खाली चौकात सांगते."

मनोहररावांनी मुकाट्यानं दोन्ही हातांनी छत्री उचलली. ऊन मी म्हणत होतं. साहेब खाली जाऊन बटणं पिळू लागले. सतरंजी भरली, चित्र आलं, थोडं थरथरलं. वस्तीतल्या ताराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून ठणकावलं,

"ओ काका, हालू नका नं! आमाले दिसून नाई राहिलं!"