पुलापलीकडची कॉफी

“गुडघे दुखतात म्हणे! मग काल अक्रोडाच्या झाडावर कोण चढलं होतं, आई?”

चीज भरलेल्या खाचापुरी-रोटीसाठी मळलेला गोळा लामाराच्या हातात तसाच राहिला... सहा महिन्यांची पोटुशी लेक जर्मनीहून कुटाइसीला, माहेरी आली होती, ती हाच जाब विचारायला. पहिलं बाळ, साबा, सातव्याच महिन्यात आलं तेव्हा हीच आई धावत गेली होती. आणि आता दुसऱ्या बाळंतपणाला येत नाही म्हणते!

“जर्मनी नको तर पोलंडला ये, मावशीकडे. मी येऊन राहीन तिथे. तेही नको? सरळ सांग ना, लेकीचा कंटाळा आलाय म्हणून!”

“असं बोलू नये गं, खातुना...”

“आण तो पासपोर्ट. मीच तिकीट काढते.”

लामारा आडवी आली, पण उशीर झाला होता. पासपोर्टमधून घडी घातलेला जर्मन कागद खाली पडला. तिला तो कधी वाचता आला नव्हता. परतताना विमानतळावरच्या दुभाष्याने उच्चारलेलं ‘तीन वर्षं’ काळजात रुतून बसलं होतं. खातुना मात्र वाचत गेली आणि पांढरीफटक पडली... मुभा नव्वद दिवसांची, राहिली दोनशे दोन. तीन वर्षं प्रवेश बंद. आणि तोही एकट्या जर्मनीत नव्हे, मधल्या सीमा पुसून टाकलेल्या त्या सगळ्याच देशांत!

“पण मी तुला पुलावरून फ्रान्सला नेलं होतं ना, कॉफी प्यायला! मीच म्हणाले होते, देश बदलला, आता नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून...”

“विमानतळावरच्या दुभाष्याने सांगितलं, त्यांचं सगळ्यांचं मिळून एकच घर आहे, बाळा. या खोलीतून त्या खोलीत गेलं म्हणून दिवस नव्याने थोडेच मोजतात!”

“इथे लिहिलंय, महिन्याभरात दाद मागता आली असती... मला का नाही दाखवलंस?”

“दूध आटलं असतं तुझं,” लामारा हळूच म्हणाली. “साबा तेव्हा कुठे बाळसं धरत होता...”

खातुनाने आईच्या पिठाळ हातांत तोंड लपवलं. “मी इथेच बाळंत होते, आई!”

“वेडी आहेस? तिथले डॉक्टर तुझी नस न् नस जाणतात. तू जायचंस! सोळा महिने तर उरलेत. तोवर हे पोटातलं चालायला लागेल. विमानतळावर मला घ्यायला चालत ये म्हणावं.”

मग पाठ फिरवून, सुकत चाललेला तो गोळा ती पुन्हा मळू लागली... कितीतरी वेळ.

“कॉफी मात्र छान होती हं,” ती म्हणाली.