एका तांब्याचा उच्छ्वास

'शैवलिनी' जहाज अंटार्क्टिकाच्या हिमकड्याजवळ थांबलं होतं. प्रयोगशाळेत यंत्रतज्ज्ञ पास्कल डाबरे पडद्यावरच्या आलेखाकडे रागाने बघत होता.

"बाई, आजही बरोब्बर सहाला उंचवटा! चार दिवस झाले, समुद्र घड्याळ लावून कार्बन डायऑक्साइड सोडतोय."

मोहीमप्रमुख डॉ. यमुना खांबेटे चष्मा पुसत म्हणाल्या, "इतकं गार पाणी वायू सोडत नाही रे, पोटात घेतं. गार सोड्याची बाटली उघड, नि उन्हात तापलेली उघड. कुठली अंगावर उडते? ध्रुवाजवळचं पाणी हवेतला वायू शोषतं, जड होऊन बुडतं आणि त्याला तळाशी घेऊन जातं."

"ते मुख्यालयाला सांगा! श्वासमापी बिघडला म्हणून उद्या मोहीम गुंडाळतील. बारा वर्षांचं काम तुमचं."

श्वासमापी म्हणजे समुद्रावर तरंगणारी काचेची घंटा. तिच्याखालच्या पाण्याने किती वायू घेतला, किती सोडला, ते ती मोजायची.

"चार दिवसांपूर्वी तू काय बदललंस?"

"काही नाही. बर्फाचे तुकडे आपटत होते, म्हणून घंटा मागच्या कठड्याखाली बांधली."

यमुनाबाईंचा हात थांबला. "अगंबाई! तिथून मी सूर्याला अर्घ्य देते."

पास्कल हसला. "इथे तो मावळतच नाही. मग उगवत्याला अर्घ्य कधी?"

"जहाजाच्या घड्याळाने. सहाला."

त्याचं हसू गेलं. "पाणी कुठलं?"

"समुद्राचंच. आदल्या दिवशी तांब्या भरून झाकून ठेवते." त्या ओशाळल्या. "हीटरपाशी. बोटं गारठतात ना."

"म्हणजे कोमट पाणी गारावर पसरतं, घंटेखाली जातं आणि वायू सोडतं! बाई, यंत्र ठणठणीत आहे. एका तांब्याचा उच्छ्वास ओळखला त्याने!"

अहवालात बाईंनी स्वतःची चूक तांब्याच्या मापासकट लिहिली. मुख्यालयाने एका ओळीत उत्तर दिलं : सिद्ध करा.

दुसऱ्या दिवशी सहाला बाईंनी वितळलेल्या हिमाचं पाणी घेतलं. त्यात वायू जवळजवळ नसतोच. बोटं लालबुंद झाली, पण धार तुटली नाही.

"खाली गेला!" पास्कल ओरडला. उंचवट्याच्या जागी आलेखात खळगा पडला होता. घंटेखालच्या पाण्याने श्वास आत घेतला होता.

तासाभरात आदेश आला : मोहीम चालू ठेवावी. यंत्राची रोजची तपासणी म्हणून सकाळी सहाला एक तांब्या अर्घ्य द्यावं. प्रमुख आजारी असल्यास ही जबाबदारी पास्कल डाबरे यांची.

पास्कलने तो दोनदा वाचला. "बाई, मी तर चर्चला जाणारा माणूस!"

"असू दे. सूर्य विचारत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "फक्त आंघोळ करून ये."