सान अनिसेतो चँडलरला आलं

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर अमावास्या आणि पिंपळ घेतला असता. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जागा अ‍ॅरिझोनातलं चँडलर, महिना गेल्या वर्षीचा जून आणि वेळ भर दुपारची. बाहेर चप्पल ठेवली तर वितळेल असं ऊन.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

मी वल्लरी. नवरा गुरुदत्त, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. नागपूरचा आणि भयंकर हट्टी. मुलगी केया, पाच वर्षांची.

केयाला सांभाळायला मागच्या गल्लीतल्या लोला फेलिसा यायच्या. लोला म्हणजे त्यांच्या फिलिपिन्समध्ये आजी. त्यांची मुलगी मारिसेल इथे नर्स, तिनेच आईला इकडे आणलं होतं.

लोलांना बोलायला एकच विषय. त्यांचं गाव, सान अनिसेतो. सामार बेटावरचं एवढंसं गाव. नारळ, सुकी मासळी, एक चर्च, एक घंटा. जत्रेच्या दिवशी कोणीही कोणाच्याही घरात शिरून जेवायचं. दाराला कडी लावणाऱ्याला गावात नावं ठेवायचे.

आणि हे गाव सारखं हलायचं.

आधी ते नदीच्या मुखाशी होतं. चाचे होड्यांतून येऊन माणसं धरून न्यायचे, म्हणून डोंगरावर गेलं. डोंगरावरचं पाणी आटलं, म्हणून किनाऱ्यावर आलं. मग वादळ आलं आणि समुद्र चर्चच्या छपरावरून गेला.

"अख्खं गाव हलवतात तरी कसं?" मी एकदा विचारलं.

"त्यात काय! गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे जाते. कोरडी जागा बघते. तिथे उभी राहून एकेकाला नावाने हाक मारते. आधी मेलेल्यांना, मग जिवंतांना. जो ओ देतो तो नव्या गावचा."

वादळानंतर मात्र गाव पुन्हा वसलंच नाही. सरकारने किनाऱ्यावर बांधू दिलं नाही, माणसं पांगली. लोला आमच्या अंगणातल्या ठणठणीत कोरड्या मातीकडे बघत बसायच्या. "इथे पाणी कधीच येणार नाही. छान जागा," म्हणायच्या.

मी हसायचे.

मे संपता संपता लोला झोपेतच गेल्या.

आम्ही तिघं भेटायला गेलो. त्यांच्याकडे शवपेटी उघडी ठेवून दिवसच्या दिवस लोक जमतात. लोला पेटीत आणि शेजारच्या टेबलावर नूडल्स, केक. कोपऱ्यात काका लोक पत्ते खेळत होते. गुरुदत्तचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मयतीत खायचं म्हणजे काय!

निघताना मारिसेलने माझा हात घट्ट धरला.

"सरळ घरी जाऊ नका हं. मधे कुठेतरी थांबा. कॉफी घ्या, दुकानात फिरा. नाहीतर गेलेलं माणूस मागे मागे घरी येतं. आमच्यात हे पाळतात."

मी गाडीत गुरुदत्तला सांगितलं. तो उखडलाच.

"काहीही काय यार! मयतीहून थेट घर आणि आधी आंघोळ. मधे कुठे टेकलो हे आईला कळलं ना, तर जीव घेईल माझा."

खरं सांगू? मलाही तेच पटलं. आपल्याकडे सुतकी पावलांनी कोणाच्या दारात जात नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं हो ते.

मागे केया एकदम सरकून खिडकीला चिकटली.

"काय गं?"

"मेकिंग रूम फॉर लोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात वास आला... सुक्या मासळीचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी खिडक्या उघडल्या, कापूर जाळला. वास हलला नाही.

मग पुढचं दार उघडं सापडायला लागलं. मी स्वतः लावायचे. परत येऊन बघावं तर... सताड उघडं.

मग फरशीवर पाणी. प्लंबरने सगळं तपासलं, गळती कुठेच नाही. तो गेल्यावर मी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

त्या दुपारी केयाने डायनिंग टेबलावर घरातल्या सगळ्या ताटल्या मांडल्या होत्या.

"कोण येणारे गं जेवायला?"

"दे आर ऑलरेडी हिअर, मम्मा."

आणि त्याच दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

अंगणातून बाईचा आवाज. एक नाव... मग शांतता. दुसरं नाव... मग शांतता. प्रत्येक शांततेनंतर हॉलमध्ये ओलं पाऊल टेकल्याचा आवाज व्हायचा. पच्च.

घाबरून मी मारिसेलला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "सरळ घरी गेला होतात ना?"

ती आली, पण उंबरठ्याच्या आत पाय टाकेना. बाहेरूनच रिकाम्या हॉलकडे बघत त्यांच्या भाषेत बोलत राहिली. मधेच थांबायची... ऐकून घेतल्यासारखी. मग रडायला लागली.

"आई वाईट नाहीये गं. तिला कोरडी जागा हवी होती. तुम्ही तिला इथे घेऊन आलात."

"मग तिला जायला सांग ना!" मी ओरडलेच.

"गाव अर्धं येऊन बसलंय. मेलेल्यांची नावं संपत आली. आता जिवंतांची घेईल. तुम्ही इथेच राहता, तुम्हाला वगळणं तिला बरं दिसणार नाही. मुलीला ओ देऊ देऊ नकोस."

एव्हाना गुरुदत्तचाही सगळा हट्ट उतरला होता. त्याचा मित्र अंकुर मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीत राहतो. त्याच्याकडे जायचं ठरलं. कपडे कोंबले, कागदपत्रं घेतली. गुरुदत्त गॅरेजमध्ये गाडीत बॅगा भरत होता. मी केयाला कडेवर घेऊन हॉलमधून निघाले.

अंगणात आवाज सुरू झाला.

एक नाव... पच्च.

दुसरं नाव... पच्च.

मग बराच वेळ काहीच नाही.

"केया..."

इतक्या मायेने मी माझ्या लेकीला कधी हाक मारली नसेल. केयाचे डोळे चमकले, तोंड उघडलं. मी तळहात तिच्या तोंडावर गच्च दाबला. ती मला चावली, रक्त आलं. मी हात काढला नाही.

"वल्लरी..."

मी दात आवळून उभी राहिले.

सगळं थंड झालं. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

तेवढ्यात गॅरेजच्या बाजूने, अगदी माझ्या आवाजात...

"गुरुदत्त..."

आणि आतून बॅग आदळल्याचा आवाज. घाईत असला की तो नेहमी बोलतो, तसाच तो बोलला.

"ओ! आलो, आलो."

हॉलमध्ये कोणीतरी समाधानाने श्वास सोडला.

आता आम्ही श्रूजबरीत राहतो. चँडलरचं घर विकलं. इथे ना वास, ना पाणी. गुरुदत्त ऑफिसला जातो, केयाला गणित शिकवतो, पोळी माझ्याहून छान लाटतो. कोणी म्हणेल, काय बिघडलंय?

माझं त्याच्यावर प्रेम आहे.

मागच्या रविवारी दुपारी तो माझ्याशेजारी येऊन बसला. शांतपणे म्हणाला, "वल्लरी, तिकडे गावात सगळे तुमची वाट बघतायत. यावेळी मी स्वतः हाक मारीन. ओ देशील ना?"

मी उठून केयाजवळ जाऊन बसले.

तेव्हापासून घरात तो मला हाक मारतो, चहासाठी, चष्म्यासाठी, साध्यासुध्या गोष्टींसाठी. मी उत्तर देत नाही. उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

केयालाही तेच शिकवलंय. पण ती अजून लहान आहे, आणि बाबांवर तिचा फार जीव आहे.