श्रीकृष्णभाऊंची पेस्ट

बंगळूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी जामसरला परतलो, ते सत्त्याण्णव साल. शहरातली नोकरी मला नको होती. आमच्या पाड्यापाड्यांवर बंद पडलेले रेडिओ होते, शाळांमधून मुके झालेले लाऊडस्पीकर होते. ते इथेच बसून बोलते करायचे, या एकाच ध्यासाने मी आलो होतो. हसू नका, खरंच तसं होतं.

अवजारं हवी होती. जव्हारचे रेडिओ मेकॅनिक श्रीकृष्णभाऊ त्याच पावसाळ्यात वारले होते, म्हणून त्यांच्या पत्नीकडे, चंपावहिनींकडे गेलो. त्यांनी एक ट्रंक पुढे सरकवली. सोल्डरिंग आयर्न, तारेचं रीळ, पक्कड, आणि तळाशी पेस्टची चपटी डबी.

"डबी तेवढी इथंच राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "पेस्ट ते घरीच करायचे. राळ आणि चरबी."

"कसली चरबी?"

"दार लावून करायचे. मी कधी विचारलं नाही."

मी हसलो. तारेवर मळ असला की सोल्डरचं वितळलेलं कथील धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. पेस्ट तो मळ खाते, मग जोड बसतो. आणि विकतची पेस्ट आणायची तर नाशिक गाठावं लागे. डबी मी खिशात टाकली.

घरी येऊन झाकण उघडलं. आत गळवातल्या पुवासारखा पिवळा गोळा. वर साय धरलेली, सायीत एक आखूड पांढरा केस रुतलेला. वास आधी राळेचा आला, मग खवट तुपाचा, आणि सगळ्यांत शेवटी, दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा. पहिला जोड देताना धूर घशात उतरला आणि टाळूला तुपकट थर बसला. कितीही खाकरलं तरी सुटेना. पण जोड बसला तो आरशासारखा! रेडिओ खणखणीत बोलू लागला. मी किळस गिळली.

दुसऱ्या सकाळी आई अंगणातून मोठ्यानं म्हणाली, "उमेश, कसलं मलम आणलंस रं? भेगा पार बुजल्या बघ!"

चिखलणीत जन्म गेलेली माझी आई. टाचांना भाताचा दाणा अडकेल एवढ्या चिरा. आमच्याकडे भेगांत राळेचंच मलम भरतात, म्हणून वासावरून तिनं ती डबी ओळखली... म्हणजे, ओळखली असं तिला वाटलं.

"आई, ते मलम नाही! धुऊन टाक आधी."

"बंगळूरला हेच शिकवलं होय? भेगा मला, न् अक्कल तुला!"

मी तिचा पाय मांडीवर घेतला. टाच गुळगुळीत, राखाडी, कोमट. अंगठ्यानं दाबली तर खळगा पडला. तो भरून आला नाही. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसू लागलो तशी साय निघाली, तिला चिकट तार सुटली. खाली पुन्हा साय. पुन्हा पुसली. बोळ्याला आखूड पांढरे केस चिकटले होते.

"घास, घास," आई म्हणाली. "कायच दुखत नाही."

मी अंगणाच्या कडेला जाऊन ओकलो. मग तसाच तिला जीपमध्ये बसवलं. ही टाच खरवडायची की कापायची, ते डॉक्टरच ठरवतील. आई तेवढी वाचली पाहिजे.

जव्हारला उतरलो. दवाखाना डावीकडे. आई उजवीकडे वळली.

"आई, इकडे."

"मी नाही रं वळत..." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाय वळतात..."

मी दंड धरला. तिचं अंग माझ्याकडे झुकलेलं, तोंड माझ्याकडे, आणि पाय मात्र आम्हा दोघांनाही ओढत निघालेले. या गल्लीतून त्या गल्लीत. जे घर तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या दगडी उंबऱ्यावर ते थांबले. तिथं तिच्या चपला आपोआप निघाल्या.

"आलात?" कामावरून परतलेल्या नवऱ्याला विचारावं तशा आतून चंपावहिनी म्हणाल्या.

त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि खाली बसल्या. तळहातानं हळूहळू टाच चोळत पाणी ओतू लागल्या. पाणी चरबीवरून थेंब थेंब घरंगळत होतं.

"वहिनी... ही माझी आई आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "वरची तुमची आहे, भाऊ. न्या की."

मी आईला कवेत घेऊन ओढलं. टाच उचलेना. वाकून पाहिलं... दगड आणि कातडी यांच्यामध्ये चारी बाजूंनी एक चकचकीत, एकसंध कड आली होती. असा जोड मी ओळखतो. ओढला तर तो सुटत नाही, वरची तार तुटते.

मी हात सैल सोडले.

आईनं माझा खांदा घट्ट धरला. "उमेश..." ती कुजबुजली. "गुडघेपण दुखायचे थांबले रं..."