तीन नंबरची डबी

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या दुपारचे कागद मी स्वतःच्या हातात धरलेत.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. मंगळवार, दुपारचे तीन. हृदयाच्या दवाखान्यातली तळमजल्यावरची ईसीजीची खोली. पंखा चालू, पेशंट एकही नाही. खोलीत फक्त माझ्या मोठ्या जाऊबाई.

एकोणीस वर्षं त्या तिथे लोकांच्या छातीला वायरी लावतात. कुणाला धडधडतं, कुणाला भोवळ येते, आणि ईसीजीची कागदी पट्टी काढली की सगळं ठीक. कारण पट्टी निघते दहा सेकंदांत, आणि धडधड काही वेळ ठरवून येत नाही. मग पेशंटच्या गळ्यात हॉल्टरची डबी अडकवायची. ती चोवीस तासांतला प्रत्येक ठोका टिपते. त्रास झाला की बटण दाबायचं आणि सोबतच्या कागदावर लिहायचं, त्या वेळी काय करत होतो. एका आजोबांनी सगळ्या ओळींत 'सून बोलत होती' एवढंच लिहून आणलं होतं. हे सांगताना जाऊबाईंना हसू आवरायचं नाही.

हे काम त्या शिकल्या आपल्याच नवऱ्यावर. सुट्टीच्या दिवशी आमच्या भाऊजींना दवाखान्यात नेऊन आडवं करायच्या. भाऊजी म्हणायचे, नीट बघ, कागदावर तुझंच नाव उमटत असेल. त्यांच्या ठोक्यांना एक खोड होती. चार नीट, पाचवा घाईने, मग थोडी फट. डॉक्टर म्हणाले होते, काही धोका नाही. जाऊबाईंनी त्या खोडीचं नाव ठेवलं होतं, ठेच.

तेरा महिन्यांपूर्वी, अशाच एका मंगळवारी, भाऊजी संध्याकाळी दवाखान्यात आले. धडधडतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणाले. जाऊबाईंनी पट्टी काढली. तीच जुनी ठेच. बाकी काही नाही.

"एकदा डबी लावतेस का?" भाऊजींनी विचारलं.

"तुमचं हृदय मला तोंडपाठ आहे. आणि डब्या सगळ्या बाहेर गेल्यात. गुरुवारी बघू."

घड्याळात पाच चाळीस झाले होते.

जे परक्या माणसाला रोज समजावून सांगायच्या, ते घरच्या माणसापाशी विसरल्या.

बुधवारी पाच चाळीसलाच त्या घरी पोचल्या. भाऊजी खुर्चीत बसलेले. डोळे मिटलेले. जाऊबाईंनी छातीवर हात ठेवला...

हाताला काहीच लागलं नाही.

तर, तेरा महिन्यांनंतरच्या त्या दुपारी जाऊबाई वायरी पुसत होत्या. आणि खणातून आवाज आला...

टिक.

हॉल्टरचं बटण दाबल्यावर येतो, तसा.

खणात एकच डबी होती. तीन नंबरची, बिघडलेली. सेल कधीचा काढून ठेवलेला.

टिक.

त्यांनी डबी कॉम्प्युटरला जोडली. आत काही नसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पण होतं...

पूर्ण चोवीस तास. सुरुवात मंगळवार, पाच चाळीस. तारीख तेरा महिन्यांपूर्वीची.

चार ठोके. घाईचा पाचवा. फट.

ठेच.

पुढे रात्रभर ठोके मध्येच उधळत होते, मग थांबत होते. तीन सेकंद. चार. साडेचार. अशा दहा जागा, आणि प्रत्येक जागी बटणाची खूण. बुधवारी दुपारी सव्वाचारला रेघ सपाट झाली.

ती सपाटच राहिली.

आणि अकरावी खूण होती पाच चाळीसला...

त्यांनी सगळं छापून घेतलं. फक्त रात्रीचं एक पान डॉक्टरांपुढे ठेवलं, नाव झाकून. डॉक्टरांनी एकदाच पाहिलं.

"हे कुठे आहेत आत्ता? आजच्या आज दाखल करून घ्या, ताई. पेसमेकर बसवला की हिंडतील-फिरतील."

जाऊबाई पान घेऊन परत आल्या. डबी पुन्हा जोडली, तर आत काहीच नाही. छापलेले कागद तेवढे उरले. गंमत म्हणजे, भाऊजी गेले त्या दोन दिवसांत तीन नंबरची डबी एका दुसऱ्याच बाईंच्या गळ्यात होती. त्यांचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे. मी पाहिलाय.

मग जाऊबाईंनी नोंदीचा कोरा कागद घेतला. अकराव्या ओळीत लिहिलं, '५.४०. बायको घरी आली.' वरच्या दहा ओळींत काय लिहायचं, त्यांना कळेना. कागद तसाच डबीखाली ठेवला आणि खणाला कुलूप घातलं.

पुढच्या मंगळवारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. किल्ली माझ्या हातात दिली. "तू उघड," एवढंच म्हणाल्या.

कागदावर लिहिलेली एक ओळ जास्त होती. अक्षर उजवीकडे कललेलं, अनुस्वार टपोरे. घरातल्या प्रत्येक डब्यावर भाऊजींनी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तेच अक्षर आहे.

'रात्री ११.१५. उठवणार होतो. ती दमून झोपली होती.'

जाऊबाई रडल्या नाहीत. त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. मग कागद परत डबीखाली सरकवला, आणि कुलूप मलाच लावायला सांगितलं.

किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे. नऊ ओळी अजून कोऱ्या आहेत...

उद्या मंगळवार.