खिडकीची कडी

बसा नीट, आणि त्या हीटरपासून जरा लांब. ही काही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेहुण्यांची आहे.

मेहुणे गॅसचे हीटर भाड्याने देत. धुराड्याचा हीटर महाग, पण धूर बाहेर सोडतो. उघड्या जाळाचा स्वस्त, चटकन ऊब देतो. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतली हवाच जीव घेते. एका नव्या इमारतीचं प्लास्टर थंडीत वाळेना. धुराड्याचे हीटर शिल्लक नव्हते, म्हणून मेहुण्यांनी उघड्या जाळाचे पाठवले. तरी वाळेना, ऊब उघड्या खिडक्यांतून निघून जायची. ठेकेदार डोकं खाऊ लागला, तेव्हा त्यांनी वॉचमनला फोनवर सांगून टाकलं, "लाव रे खिडक्या." वॉचमन तिथेच झोपायचा. सकाळी उठला नाही.

चौकशीत मेहुण्यांनी बेधडक सांगितलं, की मी तर उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. खापर मेलेल्याच्या माथी फुटलं. त्याची बायको मान खाली घालून निघून गेली. मेहुण्यांना स्वतःची लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच इमारतीत कायमचे हीटर बसवायचे ठरले. कुठले घ्यावेत ते सांगायला मालकाने मेहुण्यांनाच बोलावलं, तेही तिथली ऑफिसं बंद झाल्यावर. जानेवारीतला तिसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. चावी घेऊन ते एकटेच गेले.

हॉलची मापं घेताना मागून कुणीतरी अदबीने विचारलं, "साहेब, खिडक्या लावू, की उघड्या ठेवू?"

आवाज ओळखीचा होता...

मेहुणे वळले नाहीत. टेप तशीच ताणून धरली.

"त्या रात्री तुम्ही काय म्हणाला होतात, साहेब? माझ्या नीट ध्यानात नाही."

तिथे तिसरं कुणी नव्हतं. लपवायचं कुणापासून? पण जीभ सवयीनेच वळली.

"उघड्या... ठेव म्हणालो होतो."

मागून तोच अदबीचा आवाज आला.

"मग माझंच चुकलं, साहेब."

पावलं लांब गेली... मग तीही थांबली.

मेहुणे टेप तिथेच टाकून पळाले. भीती होतीच, पण त्या एका वाक्याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी माझी बहीण आणि मुलं गाढ झोपली होती. कोपऱ्यात दुकानातूनच आणलेला उघड्या जाळाचा हीटर पेटलेला. थंडी म्हणून बहिणीने सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. ती आजही शपथेवर सांगते. पण उशाची खिडकी सताड उघडी होती. गार वारा येत होता. मुलं श्वास घेत होती.

मेहुणे उंबऱ्यातच बसले आणि रडले. उजाडताच वॉचमनच्या बायकोकडे गेले, खरं काय ते सांगितलं. तिने तोंडावर दार लावलं. बरोबरच केलं.

तिच्याकडे जाण्याआधी त्यांनी मला बोलावून ती खिडकी दाखवली होती. कडीवर चार बोटं उमटली होती... प्लास्टरची.

मी हात लावून पाहिलं. ओलं होतं.