पांढऱ्या पावडरीवरचा काळा ओघळ

रविवारची प्रार्थना संपली आणि तेरेआपी चर्चबाहेर येऊन थेट एका मोटारसायकलपाशी गुडघ्यांवर बसली. अंगात पांढराशुभ्र झगा, डोक्यावर नारळाच्या कोवळ्या पातीची टोपी… आणि बोट गाडीखालच्या काळ्या डागात! पोवळ्याच्या पांढऱ्या खडीवर तो डाग चांगलाच उठून दिसत होता. तिनं बोटावर बोट चोळलं, नाकाशी नेलं.

“गाडीची ओळख अशी हुंगून करून घेतात होय?”

तिनं वर पाहिलं. उंच, सावळा, कानावर तियारेचं फूल. हसणं असं, की उगाच आपल्याच टोपीकडे हात जावा.

“इंजिनचं तेल आहे,” ती म्हणाली. “रडतेय तुमची गाडी.”

त्याचं हसू एकदम मावळलं. “हळू… हळू बोला ना. आईसुद्धा अगदी हेच म्हणते.”

हा एनोका. गाडी मात्र त्याची नव्हे, थोरल्या भावाची, सोलोमोनाची. दोन वर्षांपूर्वी सोलोमोना मासे धरायला प्रवाळकड्यापलीकडे गेला. होडी संध्याकाळी आली, तो तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. घरापुढेच त्याचं थडगं, पांढऱ्या लाद्यांचं, वर पत्र्याचं छप्पर. आईच्या हट्टापायी त्याची गाडी रोज संध्याकाळी थडग्याशेजारी, त्याच पत्र्याखाली उभी करायची. आणि हल्ली रोज सकाळी लाद्यांवर काळा ओघळ!

“पोर रडतंय माझं,” एनोकाची आई, रूता मावशी, म्हणायच्या. “धाकट्यानं आपली गाडी फिरवलेली त्याला खपत नाही.” शेवटी ठरलं की गाडी विकायची आणि एनोकानं ऑकलंडला मामाकडे जायचं. शुक्रवारच्या विमानाचं तिकीटही आलं होतं. रारोटोंगा बेटावरून गेलेली माणसं नाताळात फुगलेल्या बॅगा घेऊन येतात आणि फुगलेल्या पोटांनी परत जातात. राहायला कोणी येत नाही.

“सोमवारी गॅरेजवर आणा,” तेरेआपी म्हणाली. वडलांचं बंद पडलेलं गॅरेज तिनं नुकतंच पुन्हा उघडलं होतं. “भुतं मला दुरुस्त करता येत नाहीत. इंजिनं येतात.”

सोमवारी तिनं इंजिन रॉकेलनं धुतलं, डबल स्टँडवर चढवलं आणि अर्धा तास चालू ठेवलं. थेंब नाही. मंगळवारी तेच. बुधवारी पुन्हा तेच. घरी मात्र रोज सकाळी ओघळ हजर! आता तिच्याही अंगावर काटा यायला लागला होता.

“तेल मोठं लबाड असतं,” ती चिंधी पिळत म्हणाली. “निघतं एकीकडून, दिसतं भलतीकडे. दिसेल तिथं शोधायचंच नाही, त्याच्या वर शोधायचं.”

“माणसांचंही तसंच असतं?”

“पुरुषांचं असतं.”

तो हसला. मग चाचरत म्हणाला, “खरं सांगू? गळती सापडूच नये असं वाटतं… रोज यायला मिळतं.”

“आणि नाही सापडली तर शुक्रवारी विमानात बसशील, बावळटा!”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. तो तिच्याकडे बघतच राहिला. आज पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं होतं.

त्या संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. एनोकानं गाडी पत्र्याखाली लावली, पायानं साइड स्टँड काढला आणि गाडी डावीकडे कलती केली. तेरेआपीनं कपाळावर हात मारला.

“अगं बाई! चर्चबाहेरही अशीच तर होती! मी मेली गॅरेजात रोज सरळ उभी करत बसले. वडलांची शिस्त! अशी तिरकी असली, की सगळं तेल डाव्या कुशीला जातं…”

तिनं पिशवीतून टाल्कम पावडरीचा डबा काढला आणि पुसून कोरड्या केलेल्या इंजिनवर डावीकडून पावडर भरभरून उधळली. पावडर जिथं पहिल्यांदा भिजेल तिथं गळती. साधा हिशेब. पण अंधारून येत होतं, थडग्याशेजारी ती गाडी पांढरीफटक उभी होती आणि वारा अचानक पडला होता. शेजारची कुत्री कुंपणापाशी आली, थबकली आणि शेपूट घालून परत गेली.

“त्याला शेवटची आंघोळ घातली ना,” दारातून रूता मावशी म्हणाल्या, “तेव्हा मी अशीच पावडर लावली होती, पोरी.”

तेरेआपीच्या हातातला डबा निसटला.

गुरुवारी फटफटताच ती आली. एनोका अंगणात उभाच होता. दोघं वाकले. पांढऱ्या पावडरीवर एकच काळा ओघळ होता. गिअरच्या दांडीभोवती रबराचं सील असतं, बरोबर तिथून निघालेला.

“सापडली!” ती ओरडली. आणि मग तिची नजर जरा वर सरकली.

सीलच्या अगदी वर, पावडरीत, बोटांचे ठसे होते. तीन. करंगळी आणि मधलं बोट यांच्यामध्ये एका बोटाची जागा मोकळी.

“एनोका… तू हात लावलास?”

त्यानं दोन्ही पंजे पुढे केले. दहाच्या दहा बोटं, स्वच्छ.

रूता मावशी मागे येऊन उभ्या होत्या. त्या पुढे होऊन गाडीपाशी बसल्या. “एकोणिसाव्या वर्षी गाडीच्या चेनमध्ये बोट गेलं त्याचं… करंगळीशेजारचं.” त्यांनी ठशांजवळ हात नेला, पण टेकवला नाही. “रडत नव्हता गं तो,” त्या म्हणाल्या. “दाखवत होता.”

तेरेआपीनं त्याच दुपारी सील बदललं, तेल भरलं आणि गाडी पुन्हा तिथंच, तश्शीच तिरकी लावली. रात्रभर तिला झोप नाही.

शुक्रवारी सकाळी लाद्या कोरड्या ठणठणीत होत्या. ओसरीवर एनोकाची बॅग भरलेली होती.

“गळती थांबली,” तो म्हणाला. “आता गॅरेजवर यायला… कारण काय सांगू?”

“कारण कशाला हवंय? ऑकलंडहून रोज थोडंच येणार आहेस!” तिचा आवाज फाटला. “जाऊ नकोस. झालं? म्हटलं एकदाचं! मला आवडतोस तू. जाऊ नकोस.”

एनोकानं बॅग उचलली, घरात नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन आपल्या कानावरचं फूल तिच्या कानावर खोचलं.

“विकायची नाही आता गाडी,” रूता मावशींनी डोळे पुसले. “आणि पोरी, ही गळती कधी सुरू झाली ठाऊक आहे? तू वडलांच्या गॅरेजचं दार पुन्हा उघडलंस ना, त्याच दिवशी. त्याआधी दोन वर्षं टिपूस नव्हता.”

तेरेआपीच्या मानेवरून गार शिरशिरी गेली. तिनं एनोकाचा हात घट्ट धरला, तसाच धरून थडग्यापाशी गेली आणि कानावरचं फूल काढून लाद्यांवर ठेवलं.

“फार उपकार झाले हं, भावोजी,” ती हळूच म्हणाली.

मागे गाडीचा गिअर खट्‌कन पडला. एनोका तिच्या शेजारीच उभा होता, आणि मावशी ओसरीवर.